टाकीच्या आतला हात

मिस्त्रींची चौतीस वर्षं कारखान्यात वीजकेंद्रांसाठीच्या टाक्या बंद करण्यात गेली. टाकीत मधोमध विजेचा जाड दांडा, त्याला तोलून धरणारा आणि वीज अडवणारा पांढरा इन्सुलेटर, आणि भोवती दाबून भरलेला वायू. आत धुळीचा कणही चालत नाही. शेवटची पुसणी तिथेच कामाला असलेल्या त्यांच्या जावयाची, झाकण मिस्त्रींचं.

त्या सकाळी चाचणीला व्होल्टेज चढत गेलं आणि शेवटच्या पायरीवर टाकीत धाडकन आवाज झाला.

"पुसलं होतंस ना?" मिस्त्री जावयावर खेकसले.

"दोनदा, मामा."

"लग्नाआधी घरी यायचास तेव्हाही दोनदा पाय पुसायचास. तरी घरभर चिखल!"

मॅनेजर आले. "पुसणीच्या कागदावर सही कोणाची?"

"माझी," जावई म्हणाला.

"मग उद्यापासून येऊ नका."

"आधी उघडून बघू या," चाचणीच्या मॅडम मध्ये पडल्या.

वायू काढून घेऊन झाकण उघडायला दुपार झाली. इन्सुलेटरवर फांद्या फुटलेली काळी रेघ जळत गेली होती, आणि ती सुरू होत होती एका करड्या पंजाच्या ठशापासून.

"उघडा हात लावलाय," मॅडम म्हणाल्या. "हाताला धातूची पूड होती."

जावई खाली बघत उभा. त्याला चांगला फैलावर घ्यायला मिस्त्रींनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. पंजातलं करंगळीशेजारचं बोट अर्धंच होतं. मिस्त्रींचं ते बोट पूर्वी यंत्रात तेवढंच तुटलं होतं.

झाकण लावण्यापूर्वी ते बोल्टचे आटे बोटांनी चाचपून घेत. मग इन्सुलेटरला थोपटत, "सांभाळ रे बाबा." हातमोज्यातून थोपटलेलं त्यांना थोपटल्यासारखं वाटत नसे. हात पुसायचा असतो, हे चौतीस वर्षांत डोक्यातही आलं नव्हतं.

"हात माझा आहे," ते म्हणाले. "पोराला काही बोलू नका." मग जावयाकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"रोज बघत होतो, मामा. तुम्हाला कोण सांगणार?"

मॅडमनी वही उघडली.

"मिस्त्री, याआधी कोणकोणत्या टाक्यांना असा हात लावलात? त्या चाचणीत निभावल्या, पण पूड आत असेलच; सगळ्या वीजकेंद्रांत चालू आहेत, बाजूला माणसं काम करतात."

"सगळ्यांना," मिस्त्री म्हणाले.