खरकट्याची बादली

धाकट्या जाऊची भोपळी मेली, तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "नुसत्या लाडाने डुकरं जगत नसतात. स्वच्छता लागते!" भोपळी ही तिची गाभण डुकरीण. जाऊ तिच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. तरी माझ्या जिभेला हाड कुठलं! "हिची शेड परसातून हलवा, नाहीतर माझीही जनावरं जातील," असं मी दिराला बजावलं. त्याने, म्हणजे तिच्याच नवऱ्याने, मान डोलावली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. साथ विषाणूची आहे, डुकराच्या कच्च्या मांसातून, खाण्यापाण्यातून पसरते, म्हणाल्या. कोण काय घालतं ते त्यांनी विचारलं. जाऊ घरचा भरडा घालते, बाहेरचं काही नाही. मी खानावळीचं खरकटं आणते.

"पण चांगलं खदखदा उकळून हं!" मी म्हटलं. "हिच्यासारखं अर्धवट काम नाही माझं."

"करून दाखवा, काकू."

मला काय, हौसच! खरकट्याची बादली मी पिंपात उपडी केली. पावाचे तुकडे, हाडं, डुकराच्या मांसाची कच्ची कातरण. जाळ केला, सगळं शिजू दिलं. मग ते निववायला पाणी हवं म्हणून तीच बादली दोन्ही शेडांमधल्या हौदात बुडवली.

"थांबा. ही बादली धुतली होती?"

"हौदात बुडवली की धुतली जातेच ना," म्हणता म्हणता मी हौदात पाहिलं. पाण्यावर तेलकट तवंग पसरत होता. याच हौदाचं पाणी भोपळी प्यायची. उकळलेल्या खाण्यातही मी रोज हेच ओतत होते.

दोन्ही शेडांतली सगळी डुकरं मारावी लागतील, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मला कुणी चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. इतके दिवस नाकाने कांदे सोलले होते. आता धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं.

जाऊ उठून घरात गेली. बाहेर आली ती साबण आणि पाण्याचा तांब्या घेऊन.

"ताई, हात पुढे करा. पाणी मी ओतते," ती म्हणाली. "तांब्याला मात्र हात लावू नका."

आवाजात राग नव्हता. मी हात पुढे केले, पण मान काही वर होईना.