अठरा दिवस पेटीबाहेर

मी चानथीआईच्या पेटीतली सिन बोलतेय. बोलू की नको, असं बरेच दिवस मनात चाललं होतं. आपला मोठेपणा सांगायला सगळ्यांनाच आवडतं. माझ्याकडे सांगण्यासारखं जे आहे ते लाजेचं आहे. पण आत ठेवलं की टोचतं, म्हणून एकदा सांगून टाकते.

सिन म्हणजे आमच्याकडच्या बायका कमरेला गुंडाळून नेसतात ती. लुआंग प्राबांगच्या समोर, नदीच्या पलीकडच्या गावात, खांबांवर उभ्या घराच्या खाली मांडलेल्या मागावर माझा जन्म झाला. चानथीच्या आईनं मला विणलं. अंग निळीत बुडवलेल्या सुताचं आणि पायाशी वीतभर रेशमी काठ, लाखेच्या लाल रंगाचा. ती धोटा फेकायची आणि तोंडानं कोंबड्यांना शिव्या द्यायची. माझ्या कानावर पहिले शब्द पडले ते शिव्यांचेच.

तिनं मला नेसून शेतं केली, बाजार केले. चानथी जन्मली तेव्हा तिला माझ्यातच गुंडाळलं. पुढे चानथीची मुलगी सोमफोन, तीही माझ्यातच. नवं कापड बाळाला बोचतं. माझं तसं नव्हतं, धुवून धुवून मी सायीसारखी मऊ झाले होते. म्हातारी जाताना एवढंच म्हणाली, "सोमफोनला मूल होईल तेव्हा हीच घ्या. दुसरं काही त्याच्या अंगाला लागू देऊ नका."

मग नऊ वर्षं मी पेटीत होते. डांबरगोळ्यांच्या वासात.

चानथीआई पाहुण्यांना खोल्या देते. देशोदेशीची पोरं पाठीवर सॅक घेऊन येतात, तिला "मे" म्हणजे आई म्हणतात, दोन दिवस राहतात आणि निघून जातात. पेटीत पडल्या पडल्या मला त्यांचं बोलणं ऐकू यायचं. उद्या या गावाला, परवा त्या शहराला. मी दोन पिढ्यांच्या पोरांचं मूत झेललं, पण जग म्हणून काही पाहिलं नव्हतं. मला हेवा वाटायचा. हा हेवा ध्यानात ठेवा, पुढे तोच नडला.

सोमफोनला आठवा लागला तशी चानथीनं मला बाहेर काढलं, ऊन दाखवलं. देवळातून मंतरून आणलेले पांढरे दोरे, बाळाच्या मनगटाला बांधायचे, ते हरवू नयेत म्हणून माझ्या कमरपट्टीच्या दुमडीत दोन टाके घालून ठेवले. आणि त्याच दिवशी ती दोघं आली.

लिझेल आणि आर्नेल. फिलिपिन्सची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दोघांनी नोकऱ्या सोडून तीन महिने गावोगाव हिंडायचं ठरवलं होतं. बोलायला गोड, पायातल्या चपला न सांगता दाराबाहेर काढणारी. चानथीला आवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिझेल अर्ध्या चड्डीत देवळाला निघाली. चानथीनं कपाळाला हात लावला.

"अशा उघड्या मांड्यांनी? बिचारे भिक्खू काय डोळे मिटून बसतील?"

"मग काय करू, मे? माझ्याकडे सगळं असलंच आहे."

पाहुण्यांना द्यायच्या सिन धुवून ओल्या पडल्या होत्या. चानथीची नजर माझ्याकडे गेली. लिझेलचीही गेली. "अगं बाई, केवढी सुंदर! हा काठ हातानं विणलाय?" झालं. चानथी फुलली.

ओसरीत लसूण सोलत बसलेली सोमफोन म्हणाली, "आई, आजीची आहे ती."

"दुपारी परत येईल गं. पाहुणी काय खाऊन टाकणार आहे तिला?"

"मला नाही आवडत."

"तुला आठव्यात काहीच आवडत नाही. परवा भातसुद्धा आवडत नव्हता."

चानथीनं मला लिझेलच्या कमरेला स्वतः नेसवलं, चड्डीवरूनच. मी रस्त्यावर आले. नऊ वर्षांनी वारा लागला. खरं सांगते, मला पेटीची आठवणसुद्धा आली नाही.

देवळात दोघं फोटो काढत बसली, उशीर झाला. परत आली तेव्हा पुढच्या गावाची गाडी दारात भोंगा वाजवत उभी. चानथी बाजारात गेलेली, सोमफोन आत झोपलेली. लिझेल मला सोडायला लागली.

आर्नेल ओरडला, "गाडीत सोड! चल!"

बसल्यावर लिझेल म्हणाली, "अरे, ही राहिलीच की!"

"पुढच्या गावातून कुणाबरोबर तरी परत पाठवू."

पाठवता आली असती. तोच गाडीवाला संध्याकाळी परत फिरणार होता. पण त्या गावच्या खोलीत आरसा होता. लिझेल त्यात वळून वळून बघत राहिली आणि म्हणाली, "दोन दिवस नेसते. मग देऊ." आणि मी? मला वाटलं, बरं झालं. लाज वाटते सांगायला, पण हेच वाटलं. सोमफोनचं पोट माझ्या डोळ्यांसमोर आलंसुद्धा नाही.

वांग विएंगला मी नदीवर गेले. लिझेलनं मला वाळूवर पसरलं, दोघं माझ्यावर बसून आंबे खात होती. रात्रीच्या मुक्कामाला एका खोलीत आठ पलंग, एकावर एक. लिझेलनं मला वरच्या पलंगाला पडद्यासारखं बांधलं. खाली चार परके बाप्ये झोपलेले, आणि बाईचं नेसूचं त्यांच्या डोक्यावर लोंबतंय! आमच्याकडे सिन मागच्या दारी, कमरेच्या खाली वाळत घालतात. पुरुषानं तिच्याखालून जायचं नसतं. त्या रात्री पहिल्यांदा मला पेटीची आठवण झाली.

विएंतियानला तर कहर झाला. ऊन मी म्हणत होतं. आर्नेलनं मला सॅकमधून ओढलं, घडी घातली आणि डोक्याला फेट्यासारखं गुंडाळलं. तसाच भर बाजारातून चालला. भाजीवाल्या बायका तोंडावर हात धरून लोटपोट.

"अगं बघ बघ, बायकोचं नेसूचं डोक्यावर घेऊन मिरवतोय!"

"बिचारा. घरात चालत नसेल काही याचं."

त्याला वाटलं आपलं कौतुक चाललंय. त्यानं हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला. त्या आणखी हसल्या. मी तोंड कुठे लपवणार? मीच तर त्याच्या डोक्यावर होते. म्हातारीच्या शिव्या तेव्हा आठवल्या. कोंबड्यांना दिलेल्या त्या सगळ्या मला लागू होत्या.

नदी ओलांडून आम्ही थायलंडात आलो. उदोनच्या बसमध्ये माझ्यावर कॉफी सांडली. पोटावर मोठा डाग. लिझेल ओल्या रुमालानं चोळत राहिली. त्या दिवसापासून तिनं मला नेसणं सोडलं आणि मोज्यांबरोबर पिशवीच्या तळाला कोंबलं. बँकॉक आलं असं कानांनीच कळलं. एवढी आस होती शहराची, आणि शहर आलं तेव्हा मी मोज्यांत.

पंधराव्या दिवशी त्यांनी सगळे मळके कपडे एका गल्लीत किलोवर धुणाऱ्या बाईकडे नेले. तिला सगळे लमूनमावशी म्हणत. मूळची आमच्या नदीकाठची, थायलंडच्या बाजूची. तिनं ढिगातून मला चिमटीत धरून वर काढलं.

"ही कुणी घातली पुरुषाच्या चड्ड्यांत?"

आर्नेल हसला. "मावशी, कापड ते कापड."

"कापड तुझी लुंगी. ही नेसूची आहे. ही मी वेगळी धुते, हातानं." तिनं माझा काठ अंगठ्यानं चोळून पाहिला. "जुनी आहे. असला काठ हल्ली कुणी विणत नाही. विकत घेतली?"

लिझेल ढिगातले मोजे वेगळे करायला लागली.

मावशी कमरपट्टी चाचपत होती. दुमडीत काहीतरी लागलं. दातानं टाके तोडले आणि पांढरे दोरे तिच्या तळहातावर पडले. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग आवाज उतरवून म्हणाली, "पोरी, ज्या घरातून ही आणलीस तिथे कुणी गरोदर आहे का?"

लिझेल म्हणाली, "मुलगी. आठवा महिना होता."

"बाळाचं दुपटं आहे हे. आणि हे त्याच्या हाताचे दोरे. तू त्या बाळाचं पहिलं पांघरूण उचलून आणलंस."

गल्लीत रिक्षा चालल्या होत्या, पण मला काहीच ऐकू आलं नाही. जे मला माहीत होतं आणि मी विसरले होते, ते एका परक्या बाईनं हातानं चाचपून ओळखलं.

खोलीवर गेल्यावर आर्नेल म्हणाला, "कुरिअरनं पाठवू. परवा दक्षिणेच्या बेटाची बोट आहे आपली."

"बोट जाऊ दे."

"अगं, पण कुरिअरनं लवकर..."

"घेतली हातानं, तर देणारही हातानं. तुला बेटावर जायचं तर जा. मला मेच्या मुलीसमोर जाऊन उभं राहायचंय." आणि मग रडायला लागली. "मी आरशात बघत होते रे. आरशात!"

आर्नेल तिच्या शेजारी बसला. मग म्हणाला, "आणि मी डोक्याला बांधून फिरलो. नमस्कार करत." त्यानंच सॅक भरली.

मावशीनं मला दोनदा हातानं धुतलं. डाग फिकट झाला, गेला नाही. दोरे तिनं कागदात बांधून दिले. रेल्वे, पूल, पुन्हा रेल्वे. सगळा रस्ता लिझेलनं मला मांडीवर घडी करून धरलं होतं. खिडकीतून जग जात होतं आणि मला ते नको होतं. एकच वाटत होतं, अजून झालेलं नसू दे.

झालं होतं. बाळ दिवस भरायच्या आधीच आलं होतं, सहा दिवस झाले होते.

दार चानथीनं उघडलं. लिझेलच्या हातातल्या मला पाहिलं आणि पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. "हळू बोल. आत तिला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"तिला सांगितलंय की तू त्याच दिवशी परत दिलीस. पेटीत ठेवली, आणि आता कुलूप गंजलंय, किल्ली फिरत नाही." चानथीनं कनवटीतून किल्ली काढून दाखवली. चांगली चकचकीत. "बाळाला दुकानातल्या टॉवेलात गुंडाळलं. कार्टूनचा. पिवळं बदक आहे त्यावर."

लिझेल उंबऱ्याबाहेरच गुडघ्यांवर बसली, हात जोडले. "मे, मला मार."

"मारून काय करू? तुझी चूक अर्धी. अर्धी माझी. तू वा म्हणालीस आणि मी मिरवायला दिली." चानथीनं मला पोटाशी धरलं. मला वाटलं, शिवी दे. एक तरी दे. दिली नाही.

आत सोमफोन बाजेवर होती, खाली निखारे, अंगाला शेक. कुशीत ते पिवळं बदक, आणि बदकात एवढंसं तोंड.

"किल्ली लागली बघ," चानथी म्हणाली.

सोमफोननं मला हातात घेतलं. नाकाशी नेलं. डागावरून बोट फिरवलं.

"आई," ती म्हणाली, "आपल्या पेटीत कॉफी सांडते का गं?"

चानथी भिंतीकडे बघायला लागली. सोमफोननं मान उंच करून दाराकडे पाहिलं. तिथे दोन सॅक उभ्या होत्या, आणि त्यांच्यामागे दोन माना खाली.

"आत या," सोमफोन म्हणाली. "रोज रात्री आई पेटीपाशी जाऊन रडत होती. कुलपासाठी कुणी रडतं का? मला वाटलं, सांगेल कधीतरी." मग लिझेलला विचारलं, "कुठवर नेलीस आजीला?"

लिझेलनं गावांची नावं सांगितली. पलंगाचा पडदा सांगितला. आर्नेलनं स्वतःच फेट्याचं सांगितलं. सोमफोन हसली नाही, पण रागावलीही नाही. तिनं बदक सोडलं आणि बाळाला माझ्यावर ठेवलं.

मी म्हणत होते, नको. मी बाप्यांच्या डोक्यावरून गेले आहे, मोज्यांत राहिले आहे, या नखाएवढ्या बोटांना मला लावू नका. पण मला तोंड कुठलं? मुलगी होती. जरा चुळबुळली, आणि पाचव्या मिनिटाला तिनं मला भिजवलं. चांगलं ऊबदार. चानथी डोळे पुसत म्हणाली, "घ्या. ओळख पटली."

दोरे उशिरानं बांधले. एक लिझेलच्याही मनगटाला, वाटेत सांभाळून जा म्हणून. ती त्या दोऱ्याकडे बघूच शकत नव्हती.

आता मी रोज मागच्या दारी, खालच्या बांबूवर वाळत असते. डाग तसाच आहे. शेजारणी विचारतात, सोमफोन म्हणते, "ती फिरून आलीय." सगळ्यांनी एकमेकांना माफ केलं. मला कुणी माफ केलं नाही, कारण माझा अपराध कुणाला ठाऊकच नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. ही पोर उद्या मोठी होईल, मला नेसेल, डागाबद्दल विचारेल. तेव्हा पाहुणीनं चोरली असं तिला सांगू नका. लिझेल परत आली, पायांनी आली. तिला एवढंच सांगा की सिनलाही जायचं होतं. दार उघडं होतं, तुझी आई आत झोपली होती, आणि तुझ्या पणजीची सिन मागे वळूनसुद्धा न बघता गेली.