पैलतीरावरची जादूगारीण

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण एका जागी ती कधी टिकलीच नव्हती. जिन्यावरून घसरून पाय मोडला आणि भिंगरीला प्लास्टर घालून घरी बसावं लागलं. आईबाबा वेगळे होऊन बरीच वर्षं झाली होती. दोघंही तिला बघायला येत, पण एकमेकांची वेळ चुकवून. त्यांच्यात भांडण असं नव्हतं, बोलणंच आटलं होतं.

एका रविवारी दुपारी मात्र दोघांची गाठ पडली. दोन खुर्च्यांवर दोन मुके बघून भिंगरी वैतागली. "चला, खेळूया," ती म्हणाली. ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर ती खेळायची तोच खेळ. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपलं पात्र काय करतं ते ठरवायचं, आणि जमलं की फसलं ते फाशांवर सोडायचं.

बाबा दातांच्या कवळ्या बनवायचे. पुढच्या वेळी त्यांनी कवळीच्या गुलाबी मेणातून दोन बाहुल्या कोरून आणल्या, स्वतःसाठी तलवारबाज आणि आईसाठी जादूगारीण.

आईने आपली बाहुली उजेडात धरली. "नाक माझंच चिकटवलंयस."

"हाताला तेवढंच येतं," बाबा म्हणाले.

मग रविवार ठरूनच गेला. गोष्टीत एक नदी आली, पलीकडे एक गाव जळत होतं. तलवारबाज म्हणाला, कुमक येईपर्यंत थांबू. जादूगारीण म्हणाली, तोवर राख उरेल. दोघंही हट्टाला पेटले आणि जादूगारीण एकटीच नाव घेऊन निघून गेली. तेव्हापासून दोघं दोन काठांवर खेळत होती, आणि दोन गोष्टी सांभाळताना भिंगरीच्या नाकी नऊ येत होते.

म्हणून तिने काळाचं दार रचलं. दोन्ही काठांवर एकेक गुहा, गुहेत मंतरलेलं दार. दोघांनी एकाच क्षणी आत पाऊल टाकलं की नदीकाठची ती सकाळ परत येणार, निवड नव्याने करता येणार, आणि मधलं सगळं पुसलं जाणार. हे आपण गोष्टीच्या सोयीसाठी करतोय, असं ती स्वतःला बजावत होती.

दाराचे नियम ऐकून आईने विचारलं, "मधलं सगळं म्हणजे काय काय?"

"सगळंच."

"ते ड्रॅगनचं पिल्लू?" हे पिल्लू जादूगारणीला जळक्या गावात सापडलं होतं. आई मुलांना पोहायला शिकवायची, तिने पिल्लालाही पाण्यात घातलं होतं.

"ते तुला भेटलेलंच नसेल."

आईने फासे खाली ठेवले. "मग नाही जायचं मला. माझी माणसं आहेत तिकडे. ती नव्हतीच असं कसं करू?"

"आई, नुसता खेळ आहे."

"म्हणून तर शांतपणे विचार करता येतोय."

बाबा म्हणाले, "मला एकट्याला जाता येईल? काही बदलायला नाही. बघायला फक्त."

हे नियमात नव्हतं. भिंगरीने जरा विचार केला. "जा. पण काही बदललंत तर दार मिटेल."

"बरं. मी काठावर उभा आहे. नाव निघाली?"

"निघाली."

"ती मागे वळून बघते का?"

भिंगरीला हे ठाऊक नव्हतं. तिने आईकडे बघितलं. आईने टेबलावरचा चहाचा ओघळ बोटाने पुसला.

"बघते," आई म्हणाली. "तेव्हाही बघितलं होतं. तू पाठ फिरवून बसला होतास."

हे नदीबद्दल नाही, हे तिघांनाही कळलं. बाबांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"या खेपेला पाठ फिरवत नाही," ते म्हणाले. "हात हलवतो. हात हलवल्याने काही बदलतं का गं, भिंगरे?"

"नाही, बाबा. काहीच नाही बदलत."

"मग हलवू दे."

"तीही हलवते," आई म्हणाली. "आणि वल्हं मारायला लागते. उशीर होतोय तिला."

त्या दिवशी पुढे खेळ झाला नाही. बाबा चपला घालून जिना उतरले. आई कप विसळायला लागली तेव्हा भिंगरी म्हणाली, "मी ते दार मुद्दाम..."

"दार दिसलं तेव्हाच कळलं मला."

"रागावलीस?"

"नाही गं. पण मला माझे आताचे दिवस आवडतात. त्याचं तुला वाईट वाटणार, ते माझ्याने थांबवता येणार नाही." आईने हात पुसले, तिच्या डोक्यावरून फिरवले आणि पर्स उचलली.

खिडकीतून भिंगरीला फाटक दिसत होतं. बाबा अजून तिथेच होते. ते हातवारे करून काहीतरी सांगत होते, आई हसत होती. ऐकू काहीच येत नव्हतं. मग आई बसथांब्याकडे गेली आणि बाबा उलट्या दिशेला.

भिंगरी रडली, चांगली पोटभर. मग तिला भूक लागली, तेव्हा कुबड्या काखेत घेऊन ती स्वयंपाकघरात गेली.