मोगऱ्याचा गजरा

रविवारी आत्यानं माझ्या लेकीच्या, रोशनीच्या वेणीत मोगऱ्याचा गजरा माळला, तेव्हाच माझं डोकं फिरलं. साळूबाई माझी सख्खी आत्या, आणि सासूही. घरातली मुलगी घरातच राहावी म्हणून तिनंच मला तिच्या दत्तूसाठी करून आणलं. दत्तू ओझरच्या कारखान्यात कामाला. माणूस भला, पण आईपुढं मुका.

मोगऱ्याचा वास मला सहन होत नाही. एक्क्याण्णव साली माझा पहिला मुलगा मयूर चार महिन्यांचा होता. गुटगुटीत नव्हता, पण हसरा होता. आत्यानं फर्मान काढलं, "तुझं दूध पातळ हाय. पोर अंग धरंना." मोगऱ्याची फुलं छातीला बांधली की दूध आटतं म्हणे. तीन दिवस मी फुलं बांधून बसले आणि मयूर गाईच्या दुधावर गेला.

महिन्याभरात त्याच्या तोंडाभोवती आणि ढुंगणावर लाल चट्टे उठले. मग हगवण लागली, डोक्यावरचे केस झडले. "तुझ्याच दुधाची गरमी भाईर पडतीय," आत्या म्हणाली. लिंबाचा पाला वाटून लावला, अंगारे लावले. आठव्या महिन्यात मयूर गेला. सगळ्यांनी बोल मलाच लावला, आणि मीही तो मुकाट्यानं घेतला.

रोशनीला मी दीड वर्ष पाजलं. पाजणं सोडलं आणि तेच चट्टे आले, केसही झडले. या वेळी मी कुणालाच विचारलं नाही. तिला उचललं आणि गंगापूर रोडच्या कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासायला मुंबईला पाठवलं.

"हिच्या आतड्यातून जस्त शोषलंच जात नाही," ते म्हणाले. "जन्मजात आहे. जस्ताचं औषध रोज द्यायचं, आयुष्यभर."

आठवड्यात चट्टे सुकले. पुढं डोक्यावर लव आली.

मग मी मयूरचं सांगितलं. "आईच्या दुधातलं जस्त अशा बाळांच्या अंगी लागतं," डॉक्टर म्हणाले. "पीत होता तोवर तो बरा होता." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही नवरा-बायको नात्यातले का? हा दोष आईबाप दोघांकडून येतो."

घरी येऊन मी आत्याला सगळं सांगितलं. "जस्त? बादलीला आसतं त्ये?" एवढं म्हणून ती भांडी घासायला बसली.

आज रोशनी बारावीत आहे. केस कमरेपर्यंत आलेत. त्याच केसांत गजरा माळून आत्या म्हणाली, "लंकाच्या पोराला देऊ हिला. घरातली पोरगी घरात." लंका म्हणजे माझी नणंद.

"नाही," मी म्हणाले. "तो दोष त्याच्याही रक्तात असेल. हिच्या पोरांनाही तेच व्हायचं."

"आता औशिद हाय ना? मंग भ्यायचं काय त्यात?"

"मयूरला कुठं होतं औषध?" मी ओरडले. "त्याला माझं दूध होतं. ते तू आटवलंस, आत्या. माझं पोर तू घालवलंस."

दत्तू खाली बघत राहिला. आत्याचा चेहरा पडला, पण तोंड बंद झालं नाही.

"फुलं म्या आणली. बांधली कुणी? तवा नाय म्हणाया तुझी जीभ झडली व्हती?"

खरं होतं. गाठ मी माझ्या हातानं मारली होती. अठरा वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

मी रोशनीच्या वेणीतला गजरा ओढून काढला आणि आत्याच्या पुढ्यात टाकला.

"तेव्हा म्हणाले नाही," मी म्हणाले, "म्हणून आज म्हणते. नाही."