किसुमूतली वाकडी कात्री

मी एक वाकडी कात्री. सरोवराकाठच्या किसुमू शहरातल्या दवाखान्यात, मोठ्या माणसांच्या सुंतेच्या खोलीत, सिस्टर अवुओर यांच्या हाताखाली मी अकरा वर्षं काढली. खरं सांगायचं तर शेवटची दोन जळण्यातच गेली.

कारण ती रिंग आली. पांढरीशुभ्र प्लास्टिकची कडी. टाके नाहीत, कापल्याची रेघ एकदम सरळ. तिला एकदा वापरून फेकून देतात, तरी येणारा प्रत्येक जण तिचंच नाव घेई. मी वाफेत तापून निघे आणि ट्रेच्या कोपऱ्यात पडून राही.

एकदा ओबुया आला. एक्केचाळीस वर्षांचा, होड्या बांधणारा.

"मला रिंगच हवी," तो म्हणाला. "धाकट्या भावाला, ओडेरोला तीच लावली होती. सरोवरावर आंघोळीला गेलो की मुद्दाम माझ्यापुढे उभा राहतो. पट्टीनं मारल्यासारखी रेघ आहे त्याची."

सिस्टरनी तपासलं. "तुमची कातडी आतून चिकटलीय. रिंग बसायची नाही. कात्रीनंच करावं लागेल."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"मग त्याच्यासारखं घट्ट करा."

"घट्ट दिसतं छान. पण ताठरल्यावर कातडीला जागा लागते. थोडी सैल ठेवू. खालच्या बाजूचा कातडीचा नाजूक पडदाही राहू दे, जाणीव तिथे जास्त असते."

"ओडेरो हसेल."

"संसार तुम्हाला करायचाय की ओडेरोला?"

ओबुया खुदकन हसला. "ठेवा सैल."

त्या दिवशी मी जीव ओतून कापलं.

दोन महिन्यांनी ओबुया आला, तो ओडेरोला घेऊनच. ओडेरो खुर्चीच्या कडेवर टेकला.

"सिस्टर, माझं ओढतं. पहाटे दुखून जाग येते. याला काहीच त्रास नाही. माझं सैल करता येईल?"

"कापलेलं परत लावता येत नाही, बाबा. मलम देते, हळूहळू थोडं सुटेल."

"त्या रिंगनंच केलं हे."

मी कान टवकारले.

"रिंगचा काय दोष? दोनदा सांगूनही घट्टच हवं म्हणून तूच हटून बसलास."

ओडेरोनं भावाकडे पाहिलं. ती नजर मला चांगलीच ओळखीची होती. दोन वर्षं मी रिंगकडे तशीच बघत होते. मला लाज वाटली.

आता माझी धार गेलीय. मी नुसत्या पट्ट्या कापते. माझ्या जागी चकचकीत नवी कात्री आलीय. या खोलीत याल तेव्हा भावाचं कसं आहे ते सांगू नका, तुम्हाला काय सोसेल ते विचारा.

आणि त्या नवीचं माझ्यासमोर फार कौतुक करू नका. लाज वाटली खरी, पण स्वभाव गेलेला नाही.