साक्षीचा थेंब

सभागृहात चारशे माणसं होती आणि त्यातली निम्मी जांभया देत होती. स्पर्शबाबा म्हणत, ही समाधीची पहिली पायरी. पुढच्या रांगेतले एक काका तर सगळ्या पायऱ्या ओलांडून घोरत होते.

बाबा ॲलर्जी घालवत. कोणाला शेंगदाण्याचं वावडं, कोणाला अंड्याचं, कोणाला मांजराच्या केसांचं. पहिल्या दिवशी त्या पदार्थाच्या अर्काचा थेंब हातावर ठेवून सुईने टोचलं, की टरारून गांध उठे. मग तीन दिवस बाबांचा काढा. चौथ्या दिवशी बाबा फुंकर मारून पुन्हा टोचत आणि काय सांगावं, हात कोरा करकरीत!

व्यासपीठावर पाहुण्यांच्या खुर्चीत थेंबबाई अवघडून बसल्या होत्या. माणसाची प्रतिकारशक्ती उगाच का चवताळते, हे शोधण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. निबंध साठ लिहिले, पण नाव झालं, आणि 'थेंबबाई' हे नाव पडलंही, एका थेंबावरच्या दोन पानी टिपणामुळे. अकराशे संशोधकांनी त्याचा हवाला दिला होता. वाचलं किती जणांनी, हे बाई चारचौघांत विचारत नसत. आता बाबांच्या माहितीपत्रकातही संदर्भ क्रमांक सात म्हणून तेच टिपण छापलं होतं. चोराने आपल्या दारावर फौजदाराच्या नावाची पाटी लावावी, तशातली गत.

एरवी बाईंनी हसून सोडून दिलं असतं. पण आजच्या बऱ्या झालेल्यांत त्यांची सख्खी ताई होती. लहानपणी एका शेंगदाण्याने तिचा घसा सुजला होता, जेमतेम वाचली होती. आज ती सगळ्यांसमोर मूठभर शेंगदाणे खाणार होती.

"ताई, ऐक माझं. खाऊ नकोस."

"तुला मेलीला बघवत नाही," ताई जांभई आवरत म्हणाली. "तीस वर्षं उंदीर टोचत बसलीस, माझी ॲलर्जी गेली का? आता मन कसं शांत झालंय. तीन दिवस नुसती झोप येतेय."

झोप? बाईंनी कान टवकारले आणि जांभया देणाऱ्या रांगांकडे पाहिलं.

"भक्तहो!" बाबा गरजले. "पेशीत अणू, अणूत चैतन्य, चैतन्यात मी! आज खुद्द विज्ञान इथे खुर्ची टाकून बसलंय!"

बाईंनी पर्समधून एक कुपी काढली. "बाबा, माझ्या टिपणातला साक्षीचा थेंब तेवढा राहिला की."

टिपण वाचलं असतं, तर बाबांना तिथेच घाम फुटला असता. ते प्रसन्न हसले. "टोचा, टोचा! आमच्या भक्ताला काहीच बाधत नाही."

दर वेळी नवी सुई घेऊन बाईंनी आधी स्वतःला टोचलं, मग ताईला, मग दारावरच्या रखवालदाराला, आणि आग्रह करकरून बाबांना. दहा-पंधरा मिनिटांत बाईंच्या हातावर गांध, रखवालदाराच्या हातावर गांध, आणि बाबांच्या हातावर तर चांगली वाटाण्याएवढी. ताईचा हात कोरा.

"पाहिलंत चमत्कार?" बाबा हात पाठीमागे नेऊन खाजवत म्हणाले. टाळ्या पडल्या.

"पाहिला," बाई म्हणाल्या. "हा थेंब शेंगदाण्याचा नाही. गांध उठते तेव्हा आपलं अंग जे द्रव्य सोडतं, तेच हे. ॲलर्जी असो-नसो, यानं गांध उठायलाच हवी. ताईला उठली नाही, म्हणजे ॲलर्जी गेली नाही, कातडीला गुंगी दिलीय. काढ्यात सर्दी-खाजेच्या गोळ्या घातल्या, की तसंच होतं. आणि झोपही येते."

सभागृहातल्या जांभया अर्ध्यावरच मिटल्या.

"अहो, त्या गोळ्यांची रिकामी पाकिटं रोज पोतंभर मीच टाकतो!" रखवालदार म्हणाला. "मला वाटायचं, बाबांना जुनाट सर्दी आहे."

हशा उसळला. काका दचकून जागे झाले आणि काही न कळताच टाळ्या पिटू लागले. बाबा मागच्या दाराकडे सरकले, पण रखवालदाराने इमानेइतबारे कडी घातली.

ताईची मूठ अजून मिटलेलीच होती. "थोडेसुद्धा नको?"

"कातडी झोपलीय ताई, घसा जागा आहे." बाईंनी टेबलावरची बशी तिच्यापुढे धरली. "मला तू हवीस गं."

ताईने मूठ उघडून शेंगदाणे बशीत सोडले.

त्या संध्याकाळी तिने ते दोन पानी टिपण आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. आठवड्याने काढ्याचा अंमल उतरल्यावर स्वतःहून प्रयोगशाळेत येऊन तिने हात पुढे केला. शेंगदाण्याचा थेंब, साक्षीचा थेंब. दोन्ही ठिकाणी टरारून गांधी उठल्या. "हं, आता खरं," ताई खाजवत म्हणाली.

पुढे शेजारीण नव्या एका बाबांकडे निघाली, तेव्हा ताईने तिला दारातच अडवलं. थेंबबाई आतून ऐकत होत्या. अकराशे हवाल्यांनी झाला नव्हता एवढा आनंद त्यांना तेव्हा झाला.

"जायचं तर जा," ताई सांगत होती, "पण काही झालं नाही म्हणून टाळी वाजवू नकोस. जे व्हायलाच हवं, ते तरी होतंय का, हे आधी बघ."