बाद पुस्तकांचा गठ्ठा

दीपमाला मॅडमचा फोन आला तेव्हा मी सातवीच्या मुलांची चित्रं तपासत बसलो होतो.

"महेश सर, शनिवारी अकरा वाजता नाशिकला विश्रामगृहावर या. प्रत्येक शाळेत शिकलेला ग्रंथपाल असायलाच हवा, असा कायदा व्हावा म्हणून आमदारसाहेब विधेयक मांडायला तयार आहेत. पण त्यांना शाळेतली खरी उदाहरणं हवीत."

"येतो," म्हणालो आणि फोन ठेवला. उदाहरण माझ्याकडे होतं. आठ महिने मी ते दाबून ठेवलं होतं.

मॅडम आमच्या निफाडजवळच्या शाळेत सव्वीस वर्षं ग्रंथपाल होत्या. त्या निवृत्त झाल्या, पद काही भरलं गेलं नाही, आणि मुख्याध्यापकांनी ग्रंथालयाच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. कारण काय, तर चित्रकलेच्या मास्तराला काम कमी असतं! या समजुतीवर मी नोकरीभर चिडत आलोय. तरी किल्ल्या घेतल्या. त्यात काय अवघड आहे, असंच मलाही वाटलं. पुस्तक द्यायचं, वहीत लिहायचं, परत घ्यायचं.

जाण्याआधी मॅडमनी कोपऱ्यात एक गठ्ठा बांधून ठेवला होता. वर चिठ्ठी होती, 'बाद करावयाची पुस्तके, त्रेसष्ट'. सोबत यादी. यादीवर मुख्याध्यापकांची सही व्हायची होती, ती राहून गेली. दोन महिन्यांनी तपासणी लागली. रजिस्टरात तीन हजार चारशे बारा पुस्तकं आणि कपाटात त्रेसष्ट कमी. आमच्या खात्यात माणूस कमी पडला तर कुणी विचारत नाही, पुस्तक कमी भरलं तर नोटीस येते. मी सरळ गठ्ठा सोडला. फाटकी म्हणून बाद केली असणार, असं धरून चाललो. पानं चिकटवली, तपकिरी कव्हरं घातली आणि वर माझ्या वळणदार अक्षरात नावं लिहिली. आकडा जुळला. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरेबुकात कौतुक लिहिलं. ते मी घरी बायकोला वाचून दाखवलं होतं.

त्यातलं एक पुस्तक होतं प्रथमोपचाराचं, पन्नास वर्षांपूर्वी छापलेलं. ते सातवीतल्या हर्षालीनं वाचायला नेलं. ही पोरगी हातात येईल ते वाचायची.

जुलैत घरच्या कांदाचाळीतून कांदे काढताना तिच्या उजव्या हाताच्या बोटाला घोणस चावली. आई कलाबाई टोमॅटोच्या वावरात होती. हर्षाली घाबरली नाही. पुस्तकात दिलं होतं तसं तिनं मनगट सुतळीनं करकचून बांधलं, ब्लेडनं बोटाला चीर दिली. आई आल्यावरही तिनं सुतळी सोडू दिली नाही, कारण सोडायची नाही असं लिहिलेलं होतं. नाशिकच्या दवाखान्यात पोचेपर्यंत हात काळानिळा पडला होता. जीव वाचला. तीन बोटं काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, बांधलं-कापलं नसतं तर बहुतेक बोटं राहिली असती.

गावात सगळ्यांच्या तोंडी एकच, पोरीनं अर्धवट वाचून अतिशहाणपणा केला. हर्षाली शाळेत परत आली, पण ग्रंथालयाच्या दाराकडे फिरकली नाही.

मी मात्र त्याच आठवड्यात मॅडमची यादी शोधून काढली. तोवर ती मी वाचलीच नव्हती. प्रत्येक पुस्तकापुढे त्यांनी कारण लिहिलं होतं. सतराव्या ओळीत होतं, 'प्रथमोपचार : सर्पदंशाचे उपचार कालबाह्य, धोकादायक. मुलांना देऊ नये.' यादीची घडी घातली, खिशात ठेवली आणि कुणाला काही बोललो नाही. भ्यालो, दुसरं काय.

शनिवारी विश्रामगृहाच्या दिवाणखान्यात शिरलो आणि दारातच थांबलो. मॅडमच्या शेजारी कलाबाई आणि हर्षाली बसल्या होत्या. आपल्या वेळची सगळ्यांत जास्त वाचणारी मुलगी म्हणून मॅडमनी तिला मुद्दाम बोलावलं होतं. साप चावल्याचं त्यांना ठाऊक होतं, पुस्तकाचं नव्हतं. हर्षालीनं उजवा हात ओढणीखाली घेतला होता.

आमदारांनी मॅडमनी दिलेलं निवेदन शांतपणे वाचलं. मग म्हणाले, "मागणी चांगली आहे, मॅडम. पण सभागृहात मला पहिला प्रश्न हाच येणार. पुस्तकं सांभाळायला पदवी कशाला लागते? कुणीही शिक्षक सांभाळेल की."

मॅडम उत्तर जुळवत होत्या. मी उभा राहिलो.

"साहेब, मी सांभाळली."

मग सगळं सांगितलं. गठ्ठा, तपासणी, कव्हरं, सतरावी ओळ. यादी टेबलावर ठेवली. बोलताना कलाबाईंकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. आमदारांच्या स्वीय सहायकाचं लिहिणं थांबलं होतं.

"हे लेखी द्याल?" आमदारांनी विचारलं. "नावासकट? तुमच्या नोकरीवर येऊ शकतं."

"देतो."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. विधेयक मंजूर होईलच असं नाही, पण हे सभागृहात वाचून दाखवीन, म्हणाले.

तेवढ्यात हर्षालीनं हळूच विचारलं, "मॅडम, म्हणजे माझं वाचायला चुकलं नव्हतं?"

"नाही गं बाळा," मॅडम तिच्याकडे वळून म्हणाल्या. "तू अगदी बरोबर वाचलंस."

कलाबाई उठून माझ्यासमोर आल्या. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आठ महिने झाले, मी माझ्या लेकीला बोल लावते, सर," त्या म्हणाल्या. "रोज लावते. तूच तुझा हात घालवला म्हणते. तिनं एकदा बी उलटं बोललं नाय. आन तुम्हाला सगळं ठावं व्हतं. तुम्ही दोनदा आमच्या घरी आले. तिच्या समोर बसून चहा पिऊन गेले."